सड्यावर आणि उतारावर खुणेच्या झेंड्या: तार कुठली, रंग कुठला, कातळात रोवायच्या कशा?

करवंदजाळी

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यातल्या एका खाजगी जमिनीवर यंदा दोन कामं आहेत आणि दोन्हींना खुणेच्या झेंड्या लागणार आहेत.

पहिलं काम लागवडीच्या आखणीचं. दोन हेक्टर उतार, बहुतेक ठिकाणी १५ ते २५ अंशांचा, माती बरी. ऐन, किंजळ, जांभूळ, रातांबा आणि कडेने थोडा काजू, अंतर ३ × ३ मीटर. आखणी मे महिन्यात, खड्डे पावसाआधी, रोपं आर्द्रा नक्षत्राच्या सुमारास.

दुसरं काम चिवट आहे. २० × २० मीटरचे दहा कायमचे प्लॉट आखायचे आहेत. सहा वर सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, चार खाली जुन्या रायीत, म्हणजे दाट झाडीत. मे, सप्टेंबर आणि जानेवारी अशी वर्षातून तीनदा नोंद, निदान तीन वर्षं. दर वेळी चौकोन तोच सापडायला हवा.

सड्यावर कुठे चार बोटं माती, कुठे उघडा कातळ. पावसात वारा जोरदार, सप्टेंबरात गवत कमरेपर्यंत, उन्हाळ्यात वणव्याची भीती. गुरं चरतात, माकडंही आहेत. तर विचारायचं असं की झेंड्या विकतच्या घ्याव्यात की घरी कराव्यात, कुठल्या जाडीची तार, कुठला रंग, किती नग, आणि कातळात त्या उभ्या कशा करायच्या?

मोजपट्टी

करवंदजाळी, कातळाच्या प्रश्नाआधी एक गोष्ट पक्की करा. झेंडीचं काम जागा लांबून दाखवणं, एवढंच. जागा तीच आहे याची खात्री झेंडीवर सोपवायची नाही. तार वाकते, वाऱ्याने भोक सैल होतं, गुराच्या पायाने झेंडी पडते आणि कुणीतरी चांगल्या हेतूनेच ती उचलून साधारण तिथेच पुन्हा खोचतं. वीतभर सरकलेला कोपरा डोळ्यांना कळत नाही, पण कडेवरचं झाड आत धरायचं की बाहेर हे त्यावरच ठरतं. म्हणून प्लॉटच्या प्रत्येक कोपऱ्यावर दोन वस्तू हव्यात. जमिनीलगत न हलणारी खूण, आणि तिच्याजवळ झेंडी.

माती असेल तिथे न हलणारी खूण म्हणजे १० किंवा १२ मिमी सळीचा ४५ सेंमी तुकडा. वर दोन-तीन सेंमीच ठेवून बाकीचा ठोकायचा. जास्त वर ठेवलात तर गवतात माणसाच्या आणि गुराच्या पायाला लागतो. वरच्या टोकाला ऑइलपेंट.

कातळात ड्रिल लागतं, बॅटरीवरचं हॅमर ड्रिल पुरतं. जांभ्याचा वरचा थर उन्हापावसाने कडक झालेला असतो आणि आत पोकळ्या असतात. बिट कडक थरातून एकदम पोकळीत उतरतं, कडेला अडकतं आणि मनगट पिरगाळतं. त्यामुळे वेग कमी, दोन्ही हातांची पकड, आणि पोकळी लागली की ती जागा सोडून हातभर अंतरावर दुसरं भोक. किती सेंमी, कुठल्या दिशेला सरकलात ते वहीत लगेच लिहा. खुणेसाठी ८ मिमी बिटने ६ सेंमी खोल भोक पाडा, रबरी नळीने फुंकून भुकटी पूर्ण काढा, आणि ६ मिमी स्टेनलेस सळीचा ८ सेंमी तुकडा एपॉक्सी पुट्टीत बसवा. भुकटी आत राहिली तर पुट्टी कातळाऐवजी भुकटीलाच धरते आणि पहिल्या पावसाळ्यातच तुकडा हातात येतो. साधं लोखंड खाऱ्या वाऱ्यात लवकर गंजतं, म्हणून इथे स्टेनलेसचा खर्च करा. खुणा मोजक्याच आहेत.

झेंडीसाठी वेगळं भोक. खुणेपासून दहा सेंमीवर, सगळ्या प्लॉटांत एकाच बाजूला, समजा उत्तरेला. १० सेंमी खोल. झेंडीची तार त्यात घालून बांबूच्या चिपेची पाचर ठोकायची, म्हणजे हवी तेव्हा काढता येते. ही भोकं मार्च-एप्रिलमध्येच पाडून ठेवा. ओल्या जांभ्यात भुकटीचा चिखल होतो, बिट गुरफटतं आणि भोक साफ करता येत नाही.

ड्रिल नसेल तर चिरेखाणीवर पडलेले चिऱ्याचे तुकडे आणून रास करायची, तळ हात-दीड हात रुंद, मधल्या फटीत झेंडी. चालतं, पण गुराखी पोरं दगड हलवतात. आणि एक काळजी घ्याच: रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवर फुरसं हा विषारी साप भरपूर आहे आणि त्याला दगडाखालची जागा आवडते. पुढच्या नोंदीच्या वेळी राशीत थेट हात घालू नका, आधी काठीने दगड उलटा. बूट आणि जाड पायमोजे हवेतच.

तारेबद्दल. बांधकामात सळ्या बांधायची काळी मऊ तार अजिबात घेऊ नका, ती खोचतानाच वाकते. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली, तार गेजवर मिळते. ८ गेज म्हणजे ४ मिमी, १० गेज सव्वातीन, १२ गेज २.६ आणि १४ गेज २ मिमी. ७५ सेंमीचे तुकडे पाडले तर किलोला ८ गेजचे तेरा, १० गेजचे वीस, १२ गेजचे तीस आणि १४ गेजचे पन्नास, असा अंदाज धरा. कातळातल्या भोकात ८ गेज (बिट ६ मिमी), मुरमाड मातीत १०, लागवडीच्या मऊ मातीत १२. १४ गेज शेताच्या भुसभुशीत मातीतच चालते. मुरमात तार थेट ढकलू नका. १० मिमी सळीला टोक काढून आधी भोक पाडा, मग तार घाला.

खालचं टोक तिरकं कापा. वरच्या टोकाला पक्कडीने दोन सेंमीची कडी वळवा. हे टाळू नका. मोजणी करताना माणूस सतत वाकतो आणि उघडं टोक नेमकं डोळ्याच्या उंचीला येतं.

कापड ८ × १० सेंमी पुरे. मोठं केलंत तर वारा जास्त धरतं, तार झुलते, भोक नरसाळ्यासारखं होतं आणि माती भिजली की झेंडी आडवी. कॅरीबॅगचं प्लास्टिक उन्हात तडकून त्याचे तुकडे रानभर होतात. सूती कापड भिजून तारेला गुंडाळून बसतं. जुन्या फ्लेक्सचं किंवा पीव्हीसी ताडपत्रीचं कापड टिकतं. फ्लेक्स वापरलात तर छापील बाजू रंगवून घ्या. कापडाला एका कडेला दोन भोकं पाडून तार त्यातून ओवायची, वर कडी असल्यामुळे ते निसटत नाही, आणि खाली घसरू नये म्हणून चिकटपट्टीचे दोन वेढे. स्टेपल मारू नका, गंजून सुटतात.

प्रत्येक कोपऱ्याची आणखी एक नोंद हवी. जवळच्या दोन पक्क्या वस्तूंपासून, म्हणजे गडग्याचा (दगडी कुंपणाचा) कोपरा, मोठं झाड, विजेचा खांब, फितीने अंतर. दोन्ही अंतरं कोपऱ्याशी साधारण काटकोनात मिळतील अशा वस्तू निवडा. फार अरुंद किंवा फार पसरट कोनात मिळाली तर फितीतली थोडी चूक जमिनीवर खूप मोठी होते. हातातल्या जीपीएसचं वाचनही घ्या, पण ते मोकळ्यावर तीन ते पाच मीटर इकडेतिकडे असतं आणि रायीत त्याहून वाईट. जीपीएस तुम्हाला प्लॉटजवळ नेईल. कोपरा फितीनेच सापडेल. मेटल डिटेक्टरच्या भरवशावरही राहू नका. जांभ्यात लोह इतकं असतं की तो जागोजागी वाजतो.

होकायंत्र वाचताना तारेच्या झेंड्यांचा गठ्ठा खांद्यावर किंवा हातात ठेवू नका. चार-पाच मीटर लांब ठेवून या. पन्नास तारांचं लोखंड सुई हमखास हलवतं.

तेरडा

वरच्या उत्तरात रंग राहिलाय. सड्यावर रंग ऋतूप्रमाणे हरवतात, म्हणून दुकानात जो भडक दिसतो तो घेऊन चालत नाही.

मे महिन्यात जांभ्याचा तांबूस-काळा आणि वाळक्या गवताचा पिवळट तपकिरी रंग असतो. त्यावर लाल आणि नारिंगी लांबून उठत नाहीत. जानेवारीत पेंढ्याच्या रंगाचं गवत, तेव्हा पिवळा गेला. सप्टेंबरात तर सगळाच फुलोरा. तेरड्याच्या ताटव्यात गुलाबी झेंडी दहा पावलांवरून दिसत नाही, कवळ्याच्या पिवळ्यात पिवळी नाही, गेंदाच्या पांढऱ्यात पांढरी नाही. हिरवीचा तर विचारच नको. उरतो गडद निळा. सीतेची आसवं निळी-जांभळी असतात खरी, पण ती जमिनीलगत वीतभरच. गवताच्या वर फडकणारी निळी झेंडी त्यांत मिसळत नाही. तेव्हा सड्यावरच्या सहाही प्लॉटांना निळी.

रायीत मात्र निळा वापरू नका. दाट सावलीत तो काळपट दिसतो. तिथे पांढरा किंवा चमकी गुलाबी. हे चमकी, म्हणजे फ्लुरोसंट, रंग उन्हात सगळ्यांत आधी उडतात. सावलीत जास्त टिकतात आणि तिथेच त्यांची गरजही असते. लागवडीच्या आखणीला दोन महिने टिकले तरी पुरे, तिथेही चमकी गुलाबी चालेल, कारण तेरडा फुलेपर्यंत तुमचं काम झालेलं असेल.

लाल-हिरव्यातला फरक ज्यांना कळत नाही अशी माणसं मजुरांत आणि विद्यार्थ्यांत असतातच. दोन अर्थांसाठी लाल आणि हिरवा ही जोडी वापरू नका. निळा आणि पिवळा, किंवा पांढरा आणि निळा घ्या. एका रंगाचा एकच अर्थ, आणि तो वहीच्या पहिल्या पानावर.

ऑनलाइन घेणाऱ्यांसाठी: तिथे दिसणाऱ्या तयार पाकिटांवर जे रंगांचे अर्थ लिहिलेले असतात ते अमेरिकेतल्या भूमिगत वाहिन्यांचे आहेत. लाल वीज, पिवळा गॅस, नारिंगी दूरसंचार, निळा पिण्याचं पाणी, हिरवा सांडपाणी, गुलाबी तात्पुरती मोजणी, पांढरा नियोजित खोदकाम. आपल्या रानातल्या कामाला ते लागू नाहीत. त्या झेंड्या बहुधा २१ आणि ३० इंची येतात. गवतासाठी ३० इंचीच, म्हणजे ७६ सेंमी. तरीही सप्टेंबरात कमरेइतक्या गवतात ती बुडणारच. प्लॉटच्या चारांपैकी निदान दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांवर दीड-दोन मीटरची बांबूची काठी आणि वर तोच निळा. कर्ण २८.२८ मीटर आहे. दोन टोकं सापडली की बाकीचे दोन कोपरे फितीने पाच मिनिटांत मिळतात.

रोपवाट

लागवडीचं सांगतो. ३ × ३ ला हेक्टरी ११११ खड्डे, तुमच्या दोन हेक्टरला २२२२. तेवढ्या झेंड्या करायला बसू नका. झेंडी ओळीची, खुंटी खड्ड्याची.

१०० × १०० मीटरच्या तुकड्यात ३४ ओळी बसतात. प्रत्येक ओळीच्या दोन टोकांना एकेक झेंडी, म्हणजे ६८. मधे दर ३० मीटरवर एक आडवी रांग ठेवली तर वाकलेली ओळ लगेच डोळ्यांत भरते, पण ती रांग प्रत्येक ओळीला नको, दर पाचवीला पुरे. एकूण ९० ते १००. पहिला हेक्टर खोदून झाला की त्याच झेंड्या दुसऱ्यावर न्यायच्या. पंधरा-वीस जादा ठेवा. प्रत्येक खड्ड्याला बांबूची किंवा करवंदाची वीतभर खुंटी. चुन्याची फक्की मारायची असेल तर खोदाई त्याच आठवड्यात होणार असेल तरच, वळवाच्या एका सरीत चुना जातो.

पायारेषा, म्हणजे जिच्यावरून बाकीच्या ओळी काढायच्या ती पहिली रेषा, उतारावर आडवी घ्या, वरच्या अंगाला. तिच्यावर काटकोन ३-४-५ ने काढतात, पण तीन-चार मीटरच्या त्रिकोणावर थांबू नका. ६-८-१० मीटर घ्या. कोनात एका अंशाची चूक झाली तर शंभर मीटरवर ओळ पावणेदोन मीटर सरकते, म्हणजे अर्ध्या अंतराहून जास्त.

दोरीवर गाठी मारून अंतर घेणार असाल तर दोरी जपून निवडा. काथ्याची आणि सुताची भिजली की आखडते, नायलॉनची ताणली की वाढते. फायबरची ५० मीटर फीत किंवा खुणा केलेली बारीक पोलादी तार बरी.

उतारावर ३ मीटर म्हणजे आडवे ३ मीटर. ओळींमधलं अंतर उताराच्या दिशेने जमिनीवर मोजाल तेव्हा १५ अंशांना ३.११, २० ला ३.१९ आणि २५ ला ३.३१ मीटर धरा. समपातळीतलं अंतर ३ च राहतं. प्लॉटलाही हाच हिशेब आहे आणि तिथे तो जास्त महत्त्वाचा. २५ अंशांच्या उतारावर २० मीटर जमिनीवरून मोजलंत तर आडवे १८.१ च भरतात आणि ४०० चौरस मीटरचा प्लॉट ३६२ चा होतो. मग हेक्टरी झाडांचा आकडा सगळाच चुकतो. त्या उतारावर फीत २२.०७ मीटरला थांबवा. उतार सारखा बदलत असेल तर पाच-पाच मीटरचे टप्पे करून फीत आडवी धरायची आणि ओळंब्याने बिंदू खाली आणायचा.

समपातळी चर काढणार असाल तर ए-फ्रेमने (इंग्रजी A च्या आकाराची चौकट, मधे ओळंब्याची दोरी) किंवा पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने आधी त्यांची रेषा घ्या आणि खड्ड्यांची आखणी नंतर. चरांच्या झेंड्यांचा रंग वेगळा, नाहीतर मजूर चराच्या झेंडीवर खड्डा काढतात. ए-फ्रेम रोज सकाळी तपासा: दोन खुंट्यांवर उभी करून दोरीची खूण पाहा, मग पाय उलटसुलट करून पुन्हा पाहा. दोन्ही खुणांच्या बरोबर मधोमध खरी पातळी.

खोदताना खुंटी निघणारच. ठरवून द्या की खुंटी काढायच्या आधी ती वरच्या अंगाला बरोबर ५० सेंमीवर ठोकायची आणि माती खालच्या अंगाला टाकायची. सगळ्या खड्ड्यांना एकच दिशा, एकच अंतर. मग खड्डा भरल्यावरही रोपाची जागा सापडते.

गोठा

एक कळकळीची विनंती, आणि ती प्लॉटवाल्या प्रत्येकाला.

सड्यावरचं गवत भातकापणी आटोपली की वैरणीसाठी कापलं जातं. आता पुष्कळ ठिकाणी ग्रास कटरने. गवतात राहिलेली तारेची झेंडी पात्यात आली की तिचे बोटाएवढे तुकडे होतात. काही उडून माणसाला लागतात, उरलेले पेंढीत बांधले जातात. गाय-बैल खाताना वस्तू चाचपत नाहीत, गवताबरोबर तार गिळली जाते. ती जाळीदार पोटात अडकते आणि पोटाच्या आकुंचनाबरोबर पुढे सरकते. पुढे पोट आणि छातीमधला पडदा आणि त्यापलीकडे हृदय. जनावर खाणं कमी करतं, दूध उतरतं, पाठ कमानीसारखी धरतं, उतारावरून खाली यायला कचरतं, पुढे गळ्याखाली सूज येते. तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. दावणीचं जनावर गेलं की त्या घरावर काय येतं हे इथे सांगायला नको.

म्हणून तीन गोष्टी. ज्या गवतावर वैरण कापतात तिथे पावसाळ्यात तारेऐवजी बांबूची काठी. तार वापरायचीच असेल तर सप्टेंबरची नोंद झाली की त्याच फेरीत ती काढायची, जानेवारीत पुन्हा लावायची. आणि गवत कापणाऱ्यांना खुणांच्या जागा आधी दाखवायच्या. प्लास्टिकच्या फिती लोंबत ठेवल्यात तर गुरं आणि शेळ्या त्याही चघळतात.

करवंदजाळी

गोठा, हे मनावर घेतलं. सड्यावर बांबूच वापरतो. पण वाळवीचं काय? आणि गावात कुणाची परवानगी लागेल? जमीन खाजगी आहे, मालकांची लेखी संमती आहे.

चिवारी

बांबू माणगा घ्या. भरीव असतो, पेरं लहान, काठी सरळ आणि सिंधुदुर्गात सहज मिळतो. पोकळ जातीच्या बांबूच्या चिपा केल्या तर कडा धारदार होतात आणि ठोकताना उभ्या फाटतात. अंगठ्याएवढी जाड, पक्की झालेली काठी. कोवळी असेल तर तिला भुंगेरा लागतो, पिवळसर भुकटी पडायला लागली की समजावं. तोडलेली काठी दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून मग सावलीत वाळवली तर आतली साखर निघून जाते आणि कीड बरीच कमी होते.

वाळवीसाठी खालचा हातभर भाग गरम डांबरात बुडवा, आणि डांबर जमिनीच्या वर चार बोटं यायला हवं, कारण काठी कुजते ती नेमकी जमिनीच्या रेषेवर. कापलेल्या टोकाला डांबर जरूर. एवढं करून एक पावसाळा आणि पुढचा उन्हाळा निघतो. मग बदलायच्याच, तीन वर्षं टिकेल अशी अपेक्षा ठेवू नका. वणवा आला तर काठी आणि कापड जाणारच, म्हणून वर मोजपट्टींनी सांगितलेली सळी आणि कातळातला तुकडा हवा. ते राहतात.

उघड्या कातळात काठीसाठी मोठं भोक पाडत बसू नका. दोन इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा रंगाच्या जुन्या डब्यात उभा करून भोवती काँक्रीट भरा. झाली बैठक. काठी पाइपात घालून पाचर मारायची. डबा कातळाच्या खळग्यात ठेवा, पण पाणी साचणाऱ्या खळग्यात नको.

आता गावाचं. मालकाची संमती पुरत नाही. अनोळखी माणसं, फीत, रंगीत झेंड्या असं सड्यावर दिसलं की जमीन जाणार ही बातमी संध्याकाळपर्यंत तीन वाड्यांत पोचते, आणि कोकणात त्या धास्तीला कारणंही आहेत. कामाआधी ग्रामपंचायतीला लेखी कळवा, पोलीस पाटलांना भेटा, आणि मुख्य म्हणजे तिथे गुरं नेणाऱ्यांना स्वतः सांगा, झेंडी हातात देऊन दाखवा. एवढं केलंत की झेंड्या राखायला तीच माणसं मदत करतात. लाल आणि भगवा टाळा, हिरवाही. झेंडी त्रिकोणी नको, चौकोनीच.

हद्दीच्या दगडाला झेंडी बांधू नका, त्याला रंग लावू नका, तो हलवू तर मुळीच नका. भूमी अभिलेखच्या मोजणीची ती खूण आहे आणि जमीन महसूल संहितेखाली तिची नासधूस हा गुन्हा आहे. तुमचा प्लॉट हद्दीपासून निदान दहा मीटर आत घ्या.

राय देवाची असेल तर ती देवराई, तिथे मानकऱ्यांना आणि गावकरांना विचारल्याशिवाय खुंटीसुद्धा नको. वनखात्याची हद्द लागून असेल तर परवानगी आधी.

आणखी एक, हे फार महत्त्वाचं. राजापूर, रत्नागिरी, लांजा भागातल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, देवीहसोळ, रुंढे तळी, उक्षी, जांभरूण ही २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत आलेली नावं, पण नोंद न झालेल्या रेषाही असू शकतात. ड्रिल लावायच्या आधी त्या जागेवरची माती आणि शेवाळ झाडूने काढा आणि सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना पाहा. भर दुपारी उथळ कोरीव रेष दिसत नाही. रेष दिसली की तिथे भोक नाही, रंग नाही, दगडांची रास नाही. प्लॉट सरकवा.

खाजण

सड्याचा विषय आहे, तरी खाडीकाठी हेच करणाऱ्यांसाठी थोडक्यात. चिखलात जीआय तार निरुपयोगी, मिठाने गंजते आणि भरतीत वाहून जाते. दोन मीटर बांबू, त्यातला किमान ६० ते ७० सेंमी चिखलात, आणि उधाणाच्या भरतीच्या पाण्यावर कापड राहील इतकी उंची. उधाण अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत जास्त चढतं, पातळी तेव्हाची धरा. खेकड्याच्या बिळाशेजारी रोवू नका, आठवड्यात कलतो. कांदळवनात परवानगीशिवाय काहीच रोवू नका.

करवंदजाळी

उपयोगी माहिती मिळाली. शेवटचा प्रश्न: झेंडीवर मार्करने लिहिलेले नंबर एका उन्हाळ्यात पुसले जातात. आणि रायीत माकडं फिती ओढतात. तिथे काय?

मोजपट्टी

नंबर कापडावर लिहूच नका. शीतपेयाच्या रिकाम्या ॲल्युमिनिअम कॅनचा पत्रा कात्रीने २ × ७ सेंमीच्या पट्ट्यांत कापा, कडा आत दुमडा, जाड पुठ्ठ्यावर ठेवून संपलेल्या बॉलपेनने दाबून नंबर लिहा. अक्षर पत्र्यात उमटतं, शाई लागतच नाही, आणि बोटाने चाचपूनही वाचता येतं. नंबरात जागा (सडा की राय), प्लॉट आणि कोपरा तिन्ही हवं. सड्यावरचा चौथा प्लॉट, ईशान्य कोपरा असेल तर "स ४ ई". पट्टी काठीला बांधू नका. काठी बदलते, पट्टी जमिनीतल्या सळीला हवी.

रायीत फडफडणारं काहीच ठेवू नका. वानर असो की केलडी, हलणारी वस्तू ती ओढणारच. कोपऱ्याची सळी, पट्टी, आणि मोजणीच्या दिवसांपुरती झेंडी, संध्याकाळी काढून घ्यायची. नोंदीतल्या झाडांना खिळा मारू नका. जाड सुतळी सैल बांधून पट्टी लावा आणि दरवर्षी सैल करा, नाहीतर वाढत्या खोडात ती रुतते आणि साल कापते. घेर १.३७ मीटरवर घेता ना, तिथे चढाच्या बाजूने ऑइलपेंटची आडवी बोटभर रेघ मारा. पुढच्या खेपेला फीत त्या रेघेच्या खालच्या कडेवरच. नाहीतर घेराच्या वर्षभराच्या वाढीपेक्षा फीत वरखाली धरल्याचा फरकच जास्त निघतो.

झेंड्या पन्नासच्या गठ्ठ्यात, सायकलच्या ट्यूबच्या रिंगांनी बांधून, तीन इंची पीव्हीसी पाइपात. प्रत्येक गठ्ठ्याला नंबर. सकाळी किती नेल्या, किती रोवल्या, किती परत आल्या हे तीन आकडे वहीत. तिन्ही जुळेपर्यंत सड्यावरून उतरायचं नाही, गोठा यांनी लिहिलंय त्याच कारणासाठी.

पट्टी बांधायला तांब्याची तार वापरू नका. खाऱ्या ओल्या हवेत तांबं आणि ॲल्युमिनिअम एकमेकांना लागलं की ॲल्युमिनिअम खाल्लं जातं आणि भोकापाशी पट्टी तुटून पडते. ॲल्युमिनिअमचीच तार घ्या, नाहीतर स्टेनलेस.